ओकचा आडवा छेद

पुण्याच्या भवानी पेठेतील टिंबर मार्केटात काय किंवा मुंबईच्या रे रोडवरील वखारींत काय, गेल्या काही वर्षांत एक नवे नाव गिऱ्हाइकाच्या तोंडी बसले आहे. ज्या घरांत वडिलांच्या पिढीपर्यंत सागवानाखेरीज दुसऱ्या लाकडाची गोष्ट निघत नसे, आणि निघालीच तर ती शिसवापाशी येऊन थांबे, त्याच घरांतली मुले आज नव्या सदनिकेचा नकाशा घेऊन येतात आणि 'ओक आहे का' अशी पृच्छा करतात. वखारवाला नाही म्हणत नाही. नाही म्हणणे हा व्यापाराचा धर्मच नव्हे. तो जे पुढे करतो त्यात खरा ओक असतो, नावापुरता ओक असतो, आणि भुशाच्या तक्त्यावर चिकटवलेल्या छापील कागदाचा ओकही असतो, ज्याची रेघ अन् रेघ हातभर अंतरावर जशीच्या तशी पुन्हा उमटलेली असते.

नावापुरत्या ओकची वंशावळ मोठी मनोरंजक आहे. मलेशियन ओक म्हणून जे विकले जाते ते चीक देऊन थकलेल्या रबराच्या झाडाचे लाकूड. टास्मानियन ओक म्हणजे ऑस्ट्रेलियातील युकॅलिप्टसच्या काही जाती. आणि सिल्व्हर ओक, ज्या नावाचा बंगला मराठी वृत्तपत्रांच्या राजकीय पानावर कायम वास्तव्यास असतो, तो तर ऑस्ट्रेलियाहून आणून दक्षिणेतील चहा-कॉफीच्या मळ्यांत सावलीसाठी लावलेला वृक्ष, ओकच्या कुळाशी त्याचा सुतराम संबंध नाही. परदेशी गेलेल्या इंग्रजांनी घरच्या आठवणीने दिसेल त्या मजबूत झाडाला ओक म्हणावे आणि पुढे व्यापाऱ्यांनी तीच आठवण दामदुपटीने विकावी, असा हा एकूण व्यवहार आहे.

खरा ओक म्हणजे क्वेर्कस या प्रजातीतला वृक्ष. तिच्या सुमारे साडेचारशे जाती उत्तर गोलार्धात विखुरल्या आहेत. युरोपात दोन प्रमुख, अमेरिकेत अनेक, आणि आपल्याकडे हिमालयात बांज, मोरू, खरसू अशी नावे धारण करून उभ्या असलेल्या काही. कुमाऊं-गढवालच्या डोंगरी कुटुंबाचे सरपण, गुरांचा चारा आणि नांगराचे लाकूड बांजावर चालते. परंतु वाळताना तो इतका वाकतो आणि तडकतो की फर्निचरवाल्यांनी त्याचा नाद फारसा केला नाही. सह्याद्रीत मात्र ओकची एकही जाती आपण होऊन उगवत नाही. तरीही ओक मराठी घराला सर्वस्वी अपरिचित आहे असे म्हणता यावयाचे नाही. बाळगुटीच्या पुडीत वेखंड, हळकुंड, मुरुडशेंग यांच्या जोडीने जे मायफळ असते व सहाणेवर ज्याचे दोन-चार वेढे उगाळून तान्ह्या मुलास चाटवले जातात, ते फळ नव्हेच. पश्चिम आशियातील एका ठेंगण्या ओकच्या डहाळीला गांधीलमाशीच्या जातीतल्या एका सूक्ष्म कीटकाने अंडे घालण्यासाठी टोचल्यावर झाडाने त्या जागी निर्माण केलेली ती गाठ आहे. तिची जी तुरट चव जिभेला जखडून टाकते ती टॅनिनची, आणि ओकच्या लाकडाचे निम्मे चरित्र या एका द्रव्याने लिहिले आहे. त्याकडे पुढे येऊच.

लाकूड ओळखावे कसे, हा प्रश्न मी मालवणाकडून लहानपणी मुंबईस आलेल्या आणि आयुष्यभर पटाशी-रंधा चालवून आता केवळ सल्लामसलतीपुरते कारखान्यात येऊन बसणाऱ्या एका वयोवृद्ध मिस्त्रींपुढे ठेवला. समोर वखारीतून आणलेले काही तुकडे होते. मी त्यांतल्या एकाच्या पिवळसर रंगाविषयी काही बोलू लागलो, तोच त्यांनी हात वर केला.

"रंग बघूच नका, साहेब. रंग काय, डब्यातून येतो. टोक बघा."

टोक म्हणजे फळीचा आडवा छेद. करवतीने कापलेले टोक काही सांगत नाही, कारण करवतीचे दात तंतू फाडतात आणि त्या लोंबत्या तंतूंखाली सर्व रचना झाकली जाते. मिस्त्रींनी पटाशी पाषाणावर दोन हात घासली, अंगठ्याच्या नखावर धार पाहिली आणि टोकाचा रुपयाएवढा भाग तिरप्या हाताने असा तासला की तेथे काचेसारखी चकाकी आली. मग बोट पाण्यात बुडवून तो भाग किंचित ओला केला आणि घड्याळजी वापरतात तसले, दहापट मोठे दाखवणारे भिंग माझ्या हाती दिले. भिंगाखाली जे दिसले ते असे. वसंतात पालवी फुटण्याच्या सुमारास या झाडाला मुळांकडून पाणी वर चढवण्याची विलक्षण निकड असते, म्हणून त्या वेळी बनणाऱ्या वाहिन्या एवढ्या रुंद असतात की त्यांची तोंडे भिंगावाचूनही उघड दिसावीत. अशा तोंडांची एक ओळ, मग उन्हाळ्यात सावकाश बनलेले गडद, घट्ट लाकूड, मग पुन्हा तोंडांची ओळ, अशी वर्षामागून वर्षे मांडलेली होती. वनस्पतिशास्त्राच्या भाषेत यास वलयरंध्री काष्ठ म्हणतात. एवढ्यावरून मात्र ओक ठरत नाही, कारण ॲश, चेस्टनट, एल्म हे सर्व वलयरंध्रीच, आणि आपला सागही त्याच पंक्तीतला.

ओकची खरी खूण या वलयांना छेदून जाते. गाभ्याकडून सालीकडे, चाकाच्या आऱ्यांच्या दिशेने, फिकट रंगाच्या रुंद रेषा आरपार गेलेल्या असतात, हे मज्जाकिरण. बहुतेक वृक्षांत किरण असतातच, पण ते इतके बारीक की भिंगावाचून सहसा दिसत नाहीत. ओकचे किरण नुसत्या डोळ्यांना दिसतात. ॲशच्या छेदात रुंद वाहिन्यांची ओळ आहे, रुंद किरण नाहीत. चेस्टनटचा पृष्ठभाग ओकची इतकी हुबेहूब नक्कल करतो की जुन्या फर्निचरच्या लिलावांत भलेभले फसतात, परंतु छेदात किरण शोधू जाल तर हाती काही लागत नाही. याच्या उलट सिल्व्हर ओकमध्ये किरण भरपूर रुंद, त्यामुळे फळीच्या तोंडावर ओकसारखी चमक येते, मात्र वसंतातल्या रुंद वाहिन्यांचे वलय तेथे गैरहजर असते. तेव्हा दोन्ही साक्षीदार एकाच छेदात हजर असले पाहिजेत; एकट्याच्या जबानीवर निकाल देऊ नये.

ओक ठरला, तरी खटला संपत नाही. बाजारात येणारा ओक दोन घराण्यांचा असतो, पांढरा आणि तांबडा, आणि या दोहोंत किमतीपेक्षाही मोठे अंतर स्वभावाचे आहे. झाड उभे असेल तर भेद सोपा; पांढऱ्याच्या पानांच्या पाकळ्या गोलसर, तांबड्याच्या टोकदार आणि टोकास केसाएवढा काटा. पण वखारीत पाने कोठली? आणि नावावरून रंग धरावा तर तांबडा ओक पुष्कळदा पांढऱ्याहून फिका निघतो. मिस्त्रींनी त्यावर फुंकरीचा उपाय दाखवला. सरळ रेषेच्या तांबड्या ओकचा बोटभर तुकडा, दोन्ही टोके स्वच्छ तासून, एक टोक पाण्याच्या पेल्यात बुडवून दुसऱ्याने फुंकर घातली की पाण्यात बुडबुडे येतात, कारण त्याच्या वाहिन्या आरपार मोकळ्या असतात. पांढऱ्यातून फुंकर जात नाही. त्याच्या अंतःकाष्ठात, म्हणजे गाभ्याकडच्या गडद भागात, वाहिनी निवृत्त होण्याच्या सुमारास, शेजारच्या पेशी तिच्या पोकळीत पातळ पडद्यांचे फुगे सोडून ती जागोजाग बुजवून टाकतात. टायलोसिस म्हणतात ती हीच.

अधिक खातरजमा करावयाची तर रसायन आहे. सोडियम नायट्राइटचे दहा टक्क्यांचे पाणी कोरड्या अंतःकाष्ठावर लावले असता पांढरा ओक काही मिनिटांत हिरवट होत होत काळानिळा पडतो, आणि तांबडा थोडासा गडद होण्यापलीकडे काही करीत नाही. (हे द्रव्य विषारी आहे, स्वयंपाकघरातल्या वाटीत त्याचे प्रयोग करू नयेत.) त्या दिवशी बाकावर 'पांढरा' म्हणून एकाच गठ्ठ्यातून आलेल्या दोन फळ्यांचे तुकडे होते. एक पाहता पाहता शाईसारखा झाला. दुसरा आम्ही चहा घेऊन आलो तरी होता तसाच लालसर. गठ्ठ्याच्या पावतीवर अर्थात एकच दर होता.

हा भेद केवळ शास्त्रार्थाचा नाही. तांबड्या ओकच्या मोकळ्या नळ्यांतून पाणी शिरते, बुरशी शिरते, आणि उघड्यावर ठेवल्यास तो थोड्याच वर्षांत कुजतो; पांढऱ्याचे अंतःकाष्ठ टिकते. रसकाष्ठ, म्हणजे सालीलगतचा फिकट भाग, दोहोंचेही कुचकामी, कारण त्यात पिष्ट असते आणि पिष्ट असेल तेथे भुसा पाडणारा किडा वसाहत करतोच. पिंप बनते ते पांढऱ्या ओकचेच. भरून ठेवलेले द्रव वर्षानुवर्षे गळू नये हे काम ते सूक्ष्म पडदे करतात. फ्रान्सच्या चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर याने १६६९ साली जंगलांविषयी एक विस्तृत फर्मान जारी करून घेतले आणि त्रोंसेसारखी अरण्ये पुढच्या शतकांतील आरमारासाठी राखली; लोखंडी जहाजे आल्यावर त्या ओकला गिऱ्हाईक उरले नाही, ते द्राक्षमद्यवाल्यांनी पुरवले. नाशिकच्या मद्यशाळांतून २२५ लिटरची जी फ्रेंच पिंपे रचून ठेवलेली दिसतात ती या राजकारणाची दूरची वारसदार होत.

आता किरणांकडे परत जाऊ, कारण सुताराच्या दृष्टीने ओकचे सर्वांत मोठे सौंदर्य व सर्वांत मोठी खोड ही दोन्ही तेथेच वसतात. ओंडका सरळ फळ्यांवर फळ्या असा चिरला तर किरण तोंडावर केवळ बारीक उभ्या रेघा म्हणून दिसतात. पांढऱ्यात त्या सहज इंचाहून लांब, तांबड्यात बहुधा इंचाच्या आत, आणि हीही ओळखीची एक खूणच. पण ओंडक्याचे आधी चार भाग करून प्रत्येक भाग गाभ्याच्या दिशेने चिरला, म्हणजे करवत किरणाच्या अंगाअंगाने गेली, की तोच किरण फळीच्या तोंडावर रुंद, रुपेरी, वळणदार पट्टा होऊन उघडतो. अशा चिराईत लाकूड वाया जाते, मजुरी वाढते, अरुंद फळ्या मिळतात. मग करावी का? याचे उत्तर आकड्यांत आहे.

ओले लाकूड पूर्ण वाळेपर्यंत पांढरा ओक वलयांच्या दिशेने सुमारे १०.५ टक्के आकसतो, किरणांच्या दिशेने ५.६ टक्के, सागाचे हेच आकडे ५.८ आणि २.५ आहेत. सुमारे तीस टक्के ओलाव्याच्या खाली आकसणे सुरू होते असे धरून हिशेब केला, तर पावसाळा सरून उन्हाळा येईतो लाकडातील ओलावा सहा टक्क्यांनी उतरल्यास दहा इंच रुंदीची साधी चिरलेली ओकची फळी जवळजवळ पाव इंचाच्या घरात आकसते, सागाची त्याच्या निम्म्याने. मात्र चौभागी चिरलेला ओक साध्या चिरलेल्या सागाच्या अगदी बरोबरीला येऊन बसतो. अर्थात ज्याने कोकणातल्या घरासाठी साधी चिराई घेऊन वर पैसे वाचवल्याचा आनंद मानला, त्याच्या दारांनी आषाढात चौकटीस मिठी मारली आणि वैशाखात फटी दाखवल्या, तर दोष ओकचा नव्हे.

करवतीच्या आधीचे लोक या बाबतीत आपल्याहून शहाणे होते असे मला वाटते. नॉर्वेत १९०४ साली उकरून काढलेले, इ. स. ८२० च्या सुमारास बांधलेले ओसेबर्गचे जहाज मुख्यत्वे ओकचे आहे, आणि त्या काळच्या कारागिरांनी फळ्या चिरल्या नाहीत, पाचरी ठोकून किरणांच्या रेषेत उकलल्या. किरण ही ओकमधली दुर्बल पातळी; तेथून तो आज्ञाधारकपणे दुभंगतो. उकललेल्या फळीत एकही तंतू तुटत नाही, म्हणून ती पातळ असूनही लाटेखाली लवते. पॅरिसच्या नोत्र-दामचे छप्पर १५ एप्रिल २०१९ रोजी जळाले, तेव्हा ते पुन्हा उभारणाऱ्या सुतारांनीही जवळजवळ दोन हजार ओक तोडून छपराच्या मध्ययुगीन भागाच्या तुळया कुऱ्हाडीनेच घडवल्या, त्याही ओल्या असताना. कारण वाळलेला ओक अवजाराला दाद देत नाही, आणि ओल्या लाकडाचा खुंटी ठोकलेला कुसू वाळताना आपला सांधा आपणच आवळतो.

वलयांविषयी एक गैरसमज वखारीत सर्रास आढळतो. जितकी वलये दाट, तितके लाकूड पक्के, असे सांगून दर चढवला जातो. देवदार-चीड यांच्या बाबतीत त्यात तथ्य आहे. ओकमध्ये प्रकार उलटा. वसंतातल्या सच्छिद्र भागाची रुंदी दरसाल जवळपास तेवढीच राहते, वाढते किंवा घटते ती उन्हाळ्यातल्या घट्ट भागाची. म्हणून सावकाश वाढलेल्या, दाट वलयांच्या ओकमध्ये भोकेच अधिक. तो हलका, मऊ, कोरीव कामास गोड, पण भार पडला तर कच्चा. तुळई हवी असेल तर रुंद वलयांचा ओक मागावा. याच वलयांच्या कमी-अधिक रुंदीचा क्रम जुळवीत जर्मनीतील होहेनहाइमच्या संशोधकांनी दहा हजारांहून अधिक वर्षांचे अखंड दफ्तर लावले आहे, आणि युरोपातल्या जुन्या छपरांच्या तुळयांसाठी झाडे तोडल्याचे साल त्यावरून मुक्रर होते.

राहिले टॅनिन. ओल्या ओकला लोखंडाचा स्पर्श झाला की टॅनिन आणि लोह यांच्या संयोगाने काळानिळा डाग पडतो. मायफळ आणि हिराकस यांपासून शतकानुशतके शाई बनत आली ती याच न्यायाने. ओकवर ओल्या हाताने लोखंडी शिकंजा आवळून ठेवणारा कारागीर सकाळी त्यावर आपली सही पाहतो. स्क्रू पितळेचे वा स्टेनलेस स्टीलचेच वापरावे. साधा खिळा लाकूड काळे करतो आणि लाकडातले आम्ल खिळ्याला खाते. दुसऱ्या बाजूस, हेच टॅनिन बुरशीला दूर ठेवते, आणि बंद पेटीत अमोनियाच्या वाफेत ठेवलेला पांढरा ओक रंगाचा थेंब न लावता खोलवर तपकिरी होतो. अमेरिकेत गुस्ताव्ह स्टिकली याच्या फर्निचरची कीर्ती विसाव्या शतकाच्या आरंभी या वाफेवर आणि चौभागी चिराईवर उभी राहिली.

लोखंड खाण्याच्या या खोडीचा मुंबईशी मोठा ऋणानुबंध आहे. नेल्सनचे 'व्हिक्टरी' जहाज बांधावयास सुमारे सहा हजार झाडे लागली, बहुतेक ओकची. अशी जहाजे बांधता बांधता इंग्लंडची अरण्ये ओस पडू लागली, आणि ओकमध्ये ठोकलेले लोखंडी खिळे झिजून सांधे सैल होत ते निराळेच. मुंबईच्या गोदीत लवजी नसरवानजी वाडियांच्या वंशजांनी मलबारी सागाची जी जहाजे उतरवली त्यांत हा रोग नव्हता, कारण सागातले तेल लोखंडास जपते. जमशेटजी बमनजी वाडियांनी बांधलेले 'त्रिंकोमाली' १२ ऑक्टोबर १८१७ रोजी मुंबईच्या पाण्यात उतरले आणि आज इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे तरंगते आहे. त्याचे नकाशे घेऊन पहिल्यांदा निघालेले 'जावा' जहाज १८१२ साली ब्राझीलच्या किनाऱ्यानजीक अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन'ने नष्ट केले, आणि नकाशांची नवी प्रत पाठवावी लागली. 'कॉन्स्टिट्यूशन'चा सांगाडा अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावरील अतिकठीण, सदाहरित ओकचा होता. म्हणजे मुंबईच्या सागाचा मार्ग काही काळ अडवून धरला तोही ओकनेच.

हत्याराखाली ओक कसा वागतो, याविषयी मिस्त्रींचे मत थोडक्यात असे: सागात वाळूसारखा कण असतो, तो धार खातो, ओक धार खात नाही, धार मागतो. बोथट रंधा किरणापाशी ढलपी उपटतो. पॉलिश आरशासारखे हवे असेल तर वसंतातली भोके आधी भरावी लागतात, आणि ती भरली की ओकचा ओकपणा अर्धा जातो, म्हणून ते स्वतः ती उघडी ठेवून नुसते तेल देतात. वाफेवर मात्र तो असा वळतो की खुर्चीची कमानदार पाठ त्याचीच करावी. घराच्या आत, कोरड्या खोलीत, टेबलाचा तक्ता व कपाटाची दारे, तेही फळीला हलण्यास जागा सोडून. वाड्याचा दिंडी दरवाजा किंवा न्हाणीघराची चौकट असेल तर सागच घ्यावा, असा त्यांचा निर्वाळा होता आणि तो मला ग्राह्य वाटतो.

कारखान्याच्या मागच्या पडवीत त्या वेळी एका गिऱ्हाइकाने मद्यशाळेतून आणवलेली जुनी पिंपे उकलून पडली होती. तीन-चार हंगामांनंतर पिंपाचा स्वाद मद्यात उतरेनासा होतो, मग ते असे सुताराकडे येते. फळ्यांची आतली बाजू जांभळी झाली होती. रंध्याचे काही हात मारताच खाली ताजा ओक निघाला, म्हणजे मद्य काही मिलिमीटरांपलीकडे शिरले नव्हते. बाहेरच्या बाजूस, जेथे पोलादी कडी वर्षानुवर्षे आवळलेली होती, तेथे काळेनिळे पट्टे उमटले होते आणि ते रंध्याने जात नव्हते. मिस्त्रींच्या हाताखालचा पोरगा ते घासून काढण्याच्या खटपटीत होता. मिस्त्रींनी त्याला थांबवले, फळ्या उलटसुलट करून पट्टे एका रेषेत येतील अशा मांडल्या आणि बाकाच्या बैठकीसाठी त्यांची मापे घेण्यास सुरुवात केली.